दोन टिंबांची वाट

एखाद्या वाड्यांत नवा गडी आला आहे आणि ओसरीवर येणाऱ्या गाठोड्यांतील जिन्नस चिठ्ठीबरहुकूम ठेवण्याचें काम त्याला दिलें आहे, अशी कल्पना करावी. ‘कोठींत, दुसऱ्या फळीवर’ असें चिठ्ठींत असेल, तर जिन्नस तेथें जातो. परंतु एका चिठ्ठींत असें असलें कीं, ‘कोठींतून एक दार मागें जा, आणखी एक दार मागें जा, आणि धन्याच्या खोलींतील रोजकीर्दींत हें पान बसव’, तर काय होईल? गडी प्रामाणिक असल्यामुळेंच तो तसें करील. संगणकविद्येंत ज्याला पाथ ट्रॅव्हर्सल म्हणतात तो दोष मुळांत एवढाच आहे.

संगणकांतील प्रत्येक फाइलीला पत्ता असतो. फोल्डर, त्याच्या पोटांत दुसरा फोल्डर, त्यांत फाइल, अशीं नांवें तिरक्या रेघेनें जोडून तो लिहितात. युनिक्स पद्धतीच्या संगणकांत असा जुना संकेत आहे कीं, नांवाच्या जागीं लागोपाठ दोन टिंबें आलीं म्हणजे ‘एक पायरी वर जा’ असें समजावें. संकेत मोठा सोयीचा आहे. अडचण उत्पन्न होते ती पत्ता परक्यानें लिहून दिलेला असतो तेव्हां.

आणि हल्लीं परक्यांनीं लिहिलेले पत्ते वाचणें हाच कांहीं सर्व्हरांचा व्यवसाय होऊन बसला आहे. वेबपानें रचणारे लोक सगळ्या आज्ञावली स्वतः लिहीत नाहींत. तारखा मांडणें, चित्रें सरकविणें अशा कामांसाठीं ते इतरांनीं केलेलीं पॅकेजें घेतात. एनपीएम हें या पॅकेजांचें प्रचंड भांडार होय. तेथें खातें उघडून कोणालाही आपलें पॅकेज ठेवतां येतें. पॅकेज बांधण्याची रीत टार या नांवाची आहे. ती १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तींत आली. चुंबकीय फितीवर फाइली उतरवून ठेवण्यासाठीं ती निघाली होती, आणि नांवांतील ‘टा’ हा त्या फितीचाच अवशेष आहे. प्रत्येक फाइलीचा पत्ता गाठोड्यांतच लिहिलेला असतो. तो कितपत मानावा, हें गाठोडें सोडणाऱ्यानें ठरवावयाचें. गाठोडें सोडणारे पुष्कळजण तें ठरवीतच नाहींत. २०१८ सालीं स्निक या कंपनीनें हजारों आज्ञावलींत हा निष्काळजीपणा दाखवून दिला आणि त्याला झिप स्लिप असें नांव दिलें.

यांतून केवढा अनर्थ ओढवूं शकतो, हें सीडीएनजेएसच्या प्रकरणावरून कळतें. २०११ सालीं सुरू झालेली ही संस्था अशा तयार आज्ञावली फुकट पुरविते व तिचा कारभार क्लाउडफ्लेअर कंपनीकडे आहे. २०२१ सालीं जगांतील १२ टक्क्यांहून अधिक संकेतस्थळें तिच्याकडून माल घेत होतीं. तिचा एक सर्व्हर नियमितपणें एनपीएमकडे फेरी मारी, नवी आवृत्ति दिसतांच ती आणी, गाठोडें सोडी आणि फाइली पुढें पाठवी. माणसाचा हात मध्यें कोठेंच लागत नसे.

र्योताक या टोपणनांवाच्या एका जपानी संशोधकानें या सर्व्हराची उघड्यावर ठेवलेली आज्ञावली वाचून पाहिली. गाठोड्यांतील पत्ता तेथें न तपासतांच फोल्डराच्या नांवाला जोडला जात होता. सर्व्हर ठराविक वेळानें जी आज्ञावली चालवितो, तिच्यावरच टिंबांच्या वाटेनें दुसरी फाइल नेऊन ठेवली, तर पुढल्या फेरीस सर्व्हर परक्याचे हुकूम पाळूं लागेल, हें त्याच्या ध्यानांत आलें. तसें करून पाहण्यांत सेवेला अपाय होण्याचा संभव होता, म्हणून त्यानें दुसरा मार्ग घेतला. सिमलिंक म्हणून एक प्रकार असतो. ती फाइल दिसते, पण वस्तुतः दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखविते. असा दुवा त्यानें पॅकेजांत घातला. सर्व्हरानें दुव्यामागची फाइल निमूटपणें उचलून प्रसिद्ध केली, आणि तींत सर्व्हराच्या गुप्त किल्ल्या निघाल्या! पैकीं एक किल्ली मूळ भांडारांत लिहिण्याची मुभा देणारी होती. ती दुष्टाच्या हातीं पडती, तर लक्षावधि वाचकांच्या पडद्यावर येणारा मजकूर त्याला बदलतां आला असता.

किल्ली उघड्यावर आल्याची सूचना गिटहबनें क्लाउडफ्लेअरला दिली व त्या किल्ल्या रद्द झाल्या. हें सर्व एप्रिल २०२१ मधील. जुलैमध्यें हकीकत प्रसिद्ध झाली. दुरुपयोग झाल्याचा पुरावा आढळला नाहीं, असें कंपनीनें सांगितलें. हा योगायोगच म्हणावा लागेल.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे दोन टिंबें व तिरकी रेघ दिसली कीं खोडून टाकणें. तो फसवा आहे. चार टिंबें व दोन रेघा असा मजकूर आला आणि त्यांतून मधलीं दोन टिंबें व एक रेघ एकदांच काढली, तर उरतें तें पुन्हां दोन टिंबें व रेघ! पत्त्याचा आरंभ ‘कोठी’नें होतो कीं नाहीं एवढेंच पाहणाराही फसतो, कारण ‘कोठीवाला’ या शेजारच्या फोल्डराचाही आरंभ तसाच आहे. पत्ता पूर्ण उलगडून, दुवे कोठें नेतात तें पाहून, मगच तो कोठीच्या आंत पडतो कीं काय हें ठरवावें लागतें. त्याहून बरें म्हणजे कोठीबाहेर पाऊल टाकतांच येऊं नये अशी तजवीज. गो भाषेनें २०२५ सालच्या १.२४ या आवृत्तींत तशी सोय दिली आहे. शिवाय गाठोडीं सोडणाऱ्या सर्व्हराजवळ भांडाराच्या किल्ल्या मुळीं ठेवूंच नयेत. गाठोडीं सोडणारा आणि तिजोरी सांभाळणारा निरनिराळे असावेत, हें कोणत्याही पेढींतल्या कारकुनाला सांगावें लागत नाहीं.

तरीही याच २०२५ सालीं ईएसएम डॉट एसएच या, पॅकेजें आणून बांधून देणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरांत, टारचें गाठोडें सोडतांना नेमका हाच दोष सांपडला. वेबपान रचणाऱ्याला मात्र स्वतःपुरता एक बंदोबस्त करतां येतो. मागविलेल्या फाइलीचा गणिती ठसा पानांत आधींच लिहून ठेवावा. आलेल्या फाइलीचा ठसा जुळला नाहीं, तर ब्राउझर ती चालवीत नाहीं. ही पद्धत २०१६ पासून अधिकृत मानकांत आहे.