थंडीतील जुनी मालमोटार

नांदेड सोडून गोदावरी ओलांडली, की लातूरचा रस्ता विष्णुपुरीच्या शिवारातून लोहा, अहमदपूर, चाकूर असा बालाघाटाच्या पठाराकडे निघतो. विष्णुपुरीचे नाव महाराष्ट्रास ठाऊक झाले ते गोदावरीवरील उपसा सिंचन प्रकल्पामुळे. १९८१ साली येथे श्री गुरु गोबिंदसिंहजी यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आले, आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनाच्याच मुहूर्तावर, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. पण प्रस्तुत लेखाचा विषय आहे तो विद्यापीठाच्या कमानीबाहेरच्या रस्त्यावरून रात्रंदिवस जाणारी जुनी मालमोटार. पाणी आले तेथे ऊस आला, ऊस आला तेथे कारखान्याची वाहतूक आली. आणि गाळपाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन फाल्गुनापर्यंत चालत असल्यामुळे, ज्या महिन्यांत गाडीला सर्वांत अधिक काम, नेमक्या त्याच महिन्यांत या मुलखात कडाक्याची थंडी पडते. फडावर टोळी पहाटेपासून कोयते चालवीत असते, मुकादम रस्त्याकडे डोळे लावून बसलेला असतो, तुटलेला ऊस तासागणिक वजनाने आणि साखरेने उतरत असतो. आणि गाडी मात्र चालकाच्या घरासमोर उभी राहून नुसती घरघरते. अशा वेळी जो तो एकच निदान करतो, की थंडीने गाडी धरली. हे निदान मराठवाड्यापुरते तरी बहुधा अपुरे असते, आणि त्यापायी पुष्कळ पैसा व पुष्कळ चांगली इंजिने वाया जातात.

प्रथम यंत्राची ओळख करून घेणे इष्ट होईल. १९५४ साली टाटांच्या टेल्को कंपनीने जर्मनीतील डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूर येथे मालमोटारी बांधावयास प्रारंभ केला. कराराची मुदत १९६९ साली संपली आणि गाडीच्या तोंडावरील तारा जाऊन तेथे टाटांचे अक्षर आले. त्या आरंभीच्या गाड्यांच्या इंजिनात डिझेल आधी एका लहानशा पूर्वकक्षात पेटे, आणि तो कक्ष तापविण्यासाठी विजेचे हीटर प्लग असत. पुढे जे इंजिन देशभर पसरले आणि आजही जुन्या गाड्यांत भेटते, त्या ६९७ मध्ये सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर, आणि डिझेलचा फवारा थेट सिलिंडरातच. या रचनेत पूर्वकक्ष नाही, हीटर प्लगही नाही. सारी भिस्त दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर.

ही उष्णता म्हणजेच डिझेल इंजिनाचा प्राण होय. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली ऑग्सबर्ग येथे आपले यंत्र यशस्वी करून दाखविले, तेव्हापासून तत्त्व तेच आहे: ठिणगी नाही, तर हवा सुमारे सतरा पट दाबावयाची, त्या दाबाने ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि सव्वादोनशे-अडीचशे अंशांच्या आसपास आपोआप पेट घेणारे डिझेल तिच्यात शिरताच भडकते. थंड सकाळी सिलिंडरची भिंत ही उष्णता शोषून घेते. सेल्फ जर इंजिनास मंद फिरवीत असेल, तर हवा दाबली जाण्यास वेळ लागतो, तेवढ्यात तिची ऊब भिंतीत मुरते आणि झिजलेल्या रिंगांच्या फटींतून काही हवा खाली निसटते. म्हणजे वेग, बंदिस्तपणा आणि योग्य क्षणी पुरेसे डिझेल या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. नव्या इंजिनात त्या इतक्या भरपूर असतात, की आठ-दहा अंशांची थंडी त्यास जाणवतही नाही.

आता थंडी तरी किती? नांदेड-लातुरात डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या आसपास येतो, थंडीची लाट आली तर त्याखाली जातो. शेजारच्या परभणीत कृषी विद्यापीठाच्या नोंदींत तो पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. डिझेल गोठण्याची भीती पुष्कळ चालक बोलून दाखवितात, म्हणून त्याचा खुलासा येथेच करतो. भारतीय मानकाप्रमाणे डिझेलचा प्रवाहबिंदू हिवाळ्यात कमाल ३ अंश व उन्हाळ्यात कमाल १५ अंश ठरविलेला आहे. हिवाळी डिझेल टाकीत असेल, तर आपल्याकडील पहाटेस ते मेणासारखे साकळण्याचा संभव फारसा उरत नाही. मात्र अर्धापूरची केळी भरून उत्तरेकडे निघालेल्या गाडीची गोष्ट निराळी. येथे भरलेले डिझेल टाकीत ठेवून हिमाचल वा काश्मीरच्या थंडीत रात्र काढली, तर गाळणीत मेण साचून गाडी खरोखरच अडते. लडाखसाठी तर २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास डिझेल काढावे लागले. उत्तरेस जाणाऱ्याने शक्यतो तिकडच्याच पंपावर टाकी भरावी.

तेव्हा आपल्या गाडीचा तपास अन्यत्र करावयास हवा, आणि जाणता मिस्त्री तो कानापासून सुरू करतो. तो पान्याला हात लावण्यापूर्वी चालकास सेल्फ मारावयास सांगतो आणि ऐकतो. नुसता ‘टक्’ असा आवाज आला, किंवा इंजिन जड, अडखळत फिरले, तर डिझेलकडे पाहण्याचे कारणच नाही. दोष विजेच्या बाजूस आहे. बॅटरीची शक्ती थंडीत आपोआप काहीशी घटते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन तिच्याकडे अधिक शक्ती मागते. हायड्रोमीटरने प्रत्येक खाना पाहावा: १.२५०च्या वर असेल तर ठीक; एकच खाना फार मागे असेल, तर बॅटरी जाणार हे समजावे. पण त्याहीपूर्वी टर्मिनलवरील पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुऊन काढावी आणि चासीला गेलेली अर्थिंगची केबल उघडून, घासून पुन्हा आवळावी. गंजलेल्या अर्थिंगपायी नवी बॅटरी विकत घेतल्याची उदाहरणे प्रत्येक गॅरेजात ऐकावयास मिळतात. बॅटरी व केबल निर्दोष ठरल्यावर मगच सेल्फ खाली उतरवून त्याचे कार्बन आणि बुश पाहावेत.

इंजिन जोमाने फिरते आहे आणि तरीही धरत नाही, तर मिस्त्री गाडीच्या मागे जाऊन सायलेन्सरपाशी उभा राहतो. माझ्या मते ही सबंध विद्येतील सर्वांत सुंदर परीक्षा आहे. तिला एक पैशाचेही उपकरण लागत नाही. सेल्फ फिरत असता धूर मुळीच न येणे म्हणजे डिझेल सिलिंडरापर्यंत पोहोचलेलेच नाही. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येणे म्हणजे डिझेल पोहोचले, त्याची वाफही झाली, परंतु ते पेटले नाही. या दोन उत्तरांनी तपासाच्या दोन वाटा फुटतात, आणि ज्याने ही परीक्षा न करताच पंप उतरविला, त्याने मालकाचा खर्च नाहक वाढविला असे मी मानतो.

धूर नसेल तर प्रथम इंजिन बंद करण्याची केबल पाहावी. गंज आणि सुकलेले ग्रीस यांमुळे ती रात्री ओढलेल्या जागीच अडकून राहते, आणि पंपावरील दांडी ‘बंद’ याच स्थितीत असताना सारे लोक सेल्फ झिजवीत बसतात. ती मोकळी असेल, तर मग डिझेलच्या वाटेत हवा शिरली काय हे पाहावयाचे. संध्याकाळपर्यंत उत्तम चाललेली, दिवसभर अर्ध्या सेल्फवर सुरू होणारी गाडी रात्रभर उभी राहिल्यावरच अडत असेल, तर हा संशय बळावतो: कोठेतरी तांब्याचा वायसर दबला आहे, रबरी नळीला चीर गेली आहे, वा फीड पंपातील झडप नीट बसत नाही, आणि रात्रीतून डिझेल हळूहळू टाकीकडे परतले आहे. मिस्त्री फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल करतो आणि फीड पंपाचा हातपंप मारू लागतो. आधी स्क्रूच्या कडेने फेस येतो, दुधाळ, बारीक बुडबुड्यांचा. मग बुडबुडे विरळ होत जातात, एखादा मोठा बुडबुडा फुटतो, आणि शेवटी नितळ डिझेलची धार सरळ वाहू लागते. त्या क्षणी, धार चालू असतानाच, स्क्रू आवळावयाचा असतो. यानंतर गाडी सुरू झाली म्हणून काम संपले असे नव्हे. हवा कोठून शिरली ते शोधले नाही, तर दुसऱ्या पहाटे तोच प्रसंग ठेवलेला. सांधे कोरडे पुसून ठेवावेत आणि सकाळी कोठे ओल दिसते ते पाहावे. टाकी रात्री रिकामी ठेवण्याची सवयही सोडावी, कारण रिकाम्या जागेतील हवेचे दव टाकीच्या भिंतीवर धरते आणि ते पाणी खाली उतरून फिल्टरात जाते.

पांढरा धूर येत असेल, तर मामला अधिक गंभीर. नोझल फवारा न मारता थेंब टाकीत असतील, पंपाचे टायमिंग सरकलेले असेल, टॅपेटची फट राहिली नसेल, किंवा रिंगा व लायनर झिजून कॉम्प्रेशन उतरलेले असेल. नोझल तपासण्याचे काम बाकाच्या परीक्षायंत्रावरच व्हावे. कारण ते हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट दाबाला उघडते, आणि तो फवारा हातावर घेऊन पाहणे म्हणजे कातडीखाली डिझेल टोचून घेणे होय. तेलाचीही येथेच चौकशी करावी. जुने इंजिन तेल खाते म्हणून मालक त्यात घट्ट चाळीस नंबरचे तेल घालतात. पहाटे ते काकवीसारखे होते आणि इंजिनाचा वेग मारते. १५ डब्ल्यू-४० तेल थंडीत पातळ राहते आणि तापल्यावर तेवढेच टिकते.

काही उपायांचा मात्र स्पष्ट निषेध केला पाहिजे. हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरणे, पेट्रोलात भिजविलेले फडके लावणे, इथरची फवारणी करणे, टाकीखाली शेकोटी करणे, थंड पंपावर उकळते पाणी ओतणे हे प्रकार सर्रास चालतात. इथर डिझेलच्या कितीतरी आधी, पिस्टन अद्याप वर चढत असतानाच भडकते; त्या आघाताने रिंगा तुटतात, कॉम्प्रेशन आणखी उतरते, आणि मग ती गाडी इथरवाचून सुरूच होईनाशी होते. हीटर असलेल्या इंजिनात तर प्रत्यक्ष स्फोटाचे भय. टाकीखालच्या शेकोटीविषयी अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही. रात्री उतारावर गाडी लावून सकाळी धक्क्याने सुरू करणे त्या मानाने निरुपद्रवी. पण त्याने एका पहाटेची अडचण भागते, दुखणे तसेच राहते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानकाच्या गाड्याच नोंदविल्या जातात. त्यांच्या इंजिनाचा कारभार संगणकाकडे आहे आणि दोष यंत्र जोडून वाचावा लागतो. हातपंप, स्क्रू आणि धूर यांची विद्या जुन्या मिस्त्रींपाशी आहे. विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयापासून ही गॅरेजे काही दूर नाहीत. तेथील प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी एका हिवाळ्यात पहाटे या मिस्त्रींसोबत उभे राहून त्यांच्या तपासाचा क्रम शब्दांत उतरविला, तर मराठीत एक उपयुक्त पुस्तिका होईल.

आणि वाहतूकदारांस एक विनंती. कारखान्याशी करार होतो तो गाळपाच्या पुष्कळ आधी, आणि उचलही तेव्हाच हाती येते. त्या रकमेतून, दसऱ्यापूर्वी, बॅटरी तपासून घ्यावी, अर्थिंग घासावे, दोन्ही डिझेल फिल्टर बदलावेत, तांब्याचे सारे वायसर नवे घालावेत, टाकीच्या तळाचा बूच काढून पाणी सोडावे आणि तेल बदलावे. हे काम एका दिवसाचे आहे.