‘डाउट’ नेमका कोणावर?

बंगळूरच्या पूर्वेकडील व्हाइटफील्ड वसले, ते इंग्रजी ही घरचीच भाषा असलेल्या लोकांसाठी. डी. एस. व्हाइट यांच्या पुढाकाराने १८८२ साली, म्हैसूर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर ही अँग्लो-इंडियन वसाहत उभी राहिली. आज तेथील माहिती तंत्रज्ञान संकुलांत मराठी, कन्नड, तेलुगू आणि हिंदी भाषक एकमेकांशी शिकलेल्या इंग्रजीतून बोलतात. त्या इंग्रजीतील अनेक चुकांचे मूळ मातृभाषेत असते.

‘आज सकाळी’चे ‘टुडे मॉर्निंग’ होते. इंग्रजी रूढी ‘धिस मॉर्निंग’ अशी आहे. मराठीत एखाद्या गोष्टीविषयी चर्चा होते, म्हणून ‘डिस्कस’नंतर नको असलेला ‘अबाउट’ येऊन बसतो. मराठी ‘च’ची गंमत तर निराळीच. ‘मी इथेच आहे’ याचे ‘आय अ‍ॅम हिअर ओन्ली’ होते. कन्नडमधील ‘इल्ले’ आणि हिंदीतील ‘यहीं’ यांतही हाच जोर असल्याने व्हाइटफील्डच्या कार्यालयात ते वाक्य सहसा कोणाला खटकत नाही. इंग्रजीत तेथे ‘राइट हिअर’ म्हणतात.

भारतीय इंग्रजीतील प्रत्येक वेगळा प्रयोग चूक मानण्याचे मात्र कारण नाही. बैठक अलीकडे आणण्यासाठीचा ‘प्रीपोन’ हा सोयीचा शब्द ऑक्सफर्ड शब्दकोशातही नोंदला गेला आहे. ‘डू द नीडफुल’ हा जुन्या ब्रिटिश पत्रव्यवहाराचा अवशेष असून तो आपल्या ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ची सख्खी बहीण शोभतो.

खरी अडचण अर्थच बदलतो तेथे येते. मराठीत ‘शंका’ म्हणजे न समजलेला मुद्दा आणि अविश्वासही. वर्गात शंका विचारण्याची सवय असलेला अभियंता परदेशी ग्राहकाला ‘आय हॅव अ डाउट अबाउट युवर डिझाइन’ असे लिहितो, तेव्हा वाचणाऱ्याला आपल्या आराखड्यावर अविश्वास दाखवल्यासारखे वाटते. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हटले की प्रश्न मिटतो.

‘प्लीज रिव्हर्ट’ त्याहून जोखमीचे. लिहिणाऱ्याला उत्तर हवे असते. संगणकप्रणालीच्या परिभाषेत मात्र ‘रिव्हर्ट’ म्हणजे केलेला बदल मागे घेणे. प्रणालीतील नव्या बदलाची माहिती देऊन शेवटी हे दोन शब्द लिहिले, तर दूरच्या सहकाऱ्याने तो बदलच काढून टाकण्याची शक्यता असते. ‘प्लीज रिप्लाय’ लिहिल्यास हा घोळ होत नाही.