जाहिरात नाही हो, ही नुसती माहिती!

देशातल्या एखाद्या बड्या लॉ फर्मची वेबसाइट उघडा. आधी एक चौकट आडवी येते. मी आपल्या मर्जीने इथे आलोय, मला कुणी गळ घातलेली नाही, अशा अर्थाचं काहीतरी तिच्यात असतं. ‘मान्य’ दाबलं की मगच आत प्रवेश. आलेल्या गिऱ्हाइकाकडून ‘आम्ही बोलावलं नव्हतं’ असं कबूल करून घेणारा दुसरा धंदा दाखवा! (वकिली हा धंदाच नाही, असं बार कौन्सिल म्हणते. सगळं रामायण त्यावरूनच.)

या रामायणाचं मूळ म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम 36. वकिलाने जाहिरात करायची नाही, अशील गोळा करत फिरायचं नाही. दारावरची पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी आणि तिच्यावर ‘माजी न्यायाधीश’ किंवा ‘अमुक विषयातले तज्ज्ञ’ असं मिरवायचं नाही. वेबसाइटला सवलत मिळाली ती 2008 मध्ये, तीही मोजूनमापून: नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनदेचा तपशील, बार असोसिएशन, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र. जिंकलेल्या खटल्यांची यादी त्यात नाही.

एवढा कडकपणा उगाच नाही. मुंबईच्या एस्प्लनेड कोर्टाच्या दारात काही वकील पक्षकारांवर अक्षरशः तुटून पडतात, कागद हिसकावतात, फी पाडून सांगतात, असा आरोप झाला होता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1975 मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी बजावलं की वकिली म्हणजे व्यापार नव्हे.

अमेरिकेत मात्र उलटी गंगा. 1976 मध्ये ॲरिझोनाच्या दोन तरुण वकिलांनी वर्तमानपत्रात चक्क दरपत्रक छापलं: विनातक्रार घटस्फोट 175 डॉलर, कोर्टाचे 20 वेगळे. नाव बदलायचंय? 95 डॉलर. बारने कारवाई केली, पण पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी वकिलांना जाहिरातीची मुभा दिली. आज ॲस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या कर्करोगाच्या दाव्यांसाठी वकील शोधणाऱ्याच्या एका क्लिकमागे फर्म गूगलला शेकडो डॉलर मोजतात!

तिथेही मर्यादा आहेच म्हणा. फ्लोरिडातल्या दोन वकिलांनी टीव्हीवरच्या जाहिरातीत काटेरी पट्टा घातलेला पिटबुल कुत्रा दाखवला, फोन नंबरही ‘पिट-बुल’. 2005 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जाहीर समज दिली, वर जाहिरातीचे नियम शिकायला कार्यशाळेत धाडलं.

इंग्लंड-वेल्सची तऱ्हा तिसरीच. 2018 च्या डिसेंबरपासून घरखरेदीसारख्या ठरावीक कामांची फी वेबसाइटवर टाकणं सॉलिसिटर फर्मना सक्तीचं आहे. आपल्याकडे फी विचारली की आधी ‘कागद तर बघू द्या’.

आपल्याकडे 2024 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन पोर्टलवर वकिलांची ‘दुकानं’ मांडण्याला चाप लावायला सांगितलं. 2025 मध्ये बार कौन्सिलने सिनेनट आणि इन्फ्लुएन्सर वापरून केलेल्या प्रचारालाही दम भरला. मग फर्म काय करतात? लिंक्डइनवर ‘या व्यवहारात आम्ही सल्लागार होतो’ अशी पोस्ट टाकतात, नव्या कायद्यावर लेख लिहितात, परदेशी क्रमवाऱ्यांमध्ये नाव लावायला धडपडतात. यातले लेख खरोखर कामाचे असतात. बाकीची सरळ जाहिरातच, फक्त कोट घातलेली.

तुम्हाला वकील हवा असेल, तर रीलमधलं ‘शंभर टक्के जामीन’ सोडून द्या. सनद क्रमांक मागा आणि तो राज्याच्या बार कौन्सिलकडून पडताळून घ्या.