तेरणाकाठचे चर

मराठवाड्याच्या पाण्याविषयी लिहावयाचे म्हणजे दुष्काळाविषयीच लिहावयाचे, असा दंडक पडून गेल्यामुळे, शेतातले पाणी काढून देण्याच्या विद्येचा विषय काढताच मंडळी हसतात. हे हसणे मी चाळीस वर्षे सोशीत आलो आहे.

नीरा खोऱ्याची कथा सर्वश्रुत आहे. १८८५ साली डावा कालवा वाहू लागला, ऊस पिकला, जमिनी चिबड होऊन त्यांवर मीठ फुटले आणि पुढे क्लॉड इंग्लिस साहेबाने निचऱ्याचा अभ्यास आरंभिला. निचऱ्यासाठीच्या त्या सरकारी चरांचे दप्तर भरपूर आहे. त्यांना एवढे पुरे.

मला कैवार घ्यावयाचा आहे तो औसा तालुक्याच्या दक्षिण अंगाने वाहणाऱ्या तेरणेच्या काठावरील बिननोंदीच्या चरांचा. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्या भेगांवाटे पहिला पाऊस घटाघटा पिते, आणि एकदा फुगून भेगा मिटल्या की वरचे पाणी आत घेण्याचे जवळजवळ नाकारते. मग भाद्रपदात नदीकाठचे गायरान म्हणजे नुसता राडा. या पाण्याला वाट देण्यासाठीच हे चर. मला आठवते तेव्हा हैदराबाद संस्थान विलीन होऊन चार-सहा वर्षे झाली असतील. मृगाचे दोन पाऊस पडून चरात वीतभर पाणी आले की आजोबा त्यात जोंधळ्याचे चिपाड सोडीत, त्याच्यासोबत काठाने चालत, आणि ते जेथे थबके तेथे काठी रोवून सालगड्यास म्हणत, "बापू, हितं दोन बोटं उकर." चराचे तोंड ते नदीकडे सरळ न काढता प्रवाहाच्या दिशेने तिरपे काढवीत, जेणेकरून पुराचे पाणी उलटे आत शिरू नये.

आमचे काही जलपंडित स्नेही म्हणतात, थेंब न् थेंब अडवावा, चर ही उधळपट्टी होय. २०१६ साली मिरजेहून आगगाडीने लातुरास पाणी आले, तेव्हा तर मला तोंड उघडण्याची सोय राहिली नाही. परंतु बंधाऱ्यात अडलेले पाणी विहिरीस लाभते आणि पिकाच्या मुळाशी तुंबलेले कोणासच लाभत नाही, हा भेद या मंडळींच्या गळी उतरत नाही. पाटनचेरूच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरी सांगितली, तिची मात्र ते तारीफ करतात; ती आमच्या चराचीच धाकटी बहीण, हे कोणी सांगावे!

आजोबांच्या त्या चराचे पुढे असे झाले: जमिनीची खातेफोड झाली, ज्याने त्याने आपल्या हिश्श्यातला चर नांगरात घेतला, उरल्यात बेशरम माजली. २०२१ च्या सप्टेंबरात तेरणा पात्राबाहेर आली. पूर ओसरला, पण आमचे सोयाबीन उभ्या पाण्यात कुजत राहिले.

गेल्या श्रावणात, उरलेल्या पन्नासेक पावलांच्या चरात मी पुन्हा चिपाड सोडावयास गेलो. जोंधळ्याचे मिळाले नाही, सोयाबीनचे काड सोडले. ते चुलतभावाच्या धुऱ्याशी जाऊन थबकले. मी काठी रोवली; "उकर" म्हणावे असे जवळ कोणी नव्हते.