छपराचा कौल

गिरगावातल्या खोताच्या वाडीत एखाद्या घराच्या कौलांवर निळी ताडपत्री चढली, की घरात एक वाद बहुधा आधीच सुरू झालेला असतो. छप्पर म्हातारं झालं, काढून टाकू; पत्रा घालू, जमलं तर स्लॅबच टाकू, नाहीतर एकदाचं बिल्डरला बोलावू. या तिन्ही सूचनांमागे एकच समजूत आहे: छप्पर ही एकसंध वस्तू असते आणि ती एका दिवशी संपते. कौलारू छपराला ही समजूत लागू पडत नाही. ते सुट्या भागांचं असतं, प्रत्येक भागाचं आयुष्य वेगळं असतं आणि जो भाग गेला तेवढाच बदलता यावा म्हणूनच ते तसं रचलेलं असतं. वाडीतलं छप्पर बदलायचं तर त्याची कुजलेली लाकडं बदलावीत आणि कौलं तीच परत चढवावीत, असं माझं म्हणणं आहे. घरं फोटोत छान दिसतात म्हणून नव्हे. हिशेब मांडला तरी उत्तर हेच येतं.

‘जुनाट कौलांचा कसला सोस?’ हा पहिला आक्षेप. अठराव्या शतकाच्या अखेरीस पाठारे प्रभू ज्ञातीतल्या दादोबा वामन खोतांनी इथले जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना विकले आणि बाहेरून चढणारे लाकडी जिने, ओसऱ्या, नक्षीदार कठडे असलेली घरं हळूहळू उभी राहिली. एकेकाळी पासष्टच्या आसपास असलेली ही घरं आता तिशीच्या आत आली आहेत. त्यांच्यावरचं मंगलोरी कौल मात्र अस्सल कारखान्यातला माल आहे. एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचं पेटंट फ्रान्समधल्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये घेतलं. त्याच धाटणीची कौलं बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्टने १८६५ मध्ये मंगळूरजवळ जेप्पूला कारखाना काढून पाडायला सुरुवात केली. तिथून ती जहाजाने मुंबईला येऊ लागली. त्याआधीच्या घरावर मंगलोरी कौल दिसत असेल, तर ते छप्पर एकदा तरी बदललेलं आहे हे उघड आहे. वाडीला बदलाचं वावडं कधीच नव्हतं. प्रश्न फक्त काय बदलायचं एवढाच आहे.

कौल म्हणजे भाजलेली माती. ते सडत नाही, गंजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. फुटलं नाही तर शंभर वर्षंही टिकतं. आधी जातात त्या रिपा, म्हणजे कौल ज्यांच्यावर अडकतं त्या लाकडी पट्ट्या. मग भिंतीत रुतलेली वाशांची टोकं, दोन पाखी मिळतात तिथली पन्हळ, आढ्यावरचा सिमेंटचा लेप. मांजराच्या पायाने एक कौल बोटभर सरकतं, एका पावसाळ्यात खालची रीप भिजत राहते, दुसऱ्यात कुजते, तिसऱ्यात चार कौलं खाली बसतात. पूर्वी दरवर्षी मिरगाच्या आधी घर शाकारलं जायचं, तेव्हा हे सरकलेलं कौल पहिल्याच वर्षी हाताला लागायचं. शाकारणी बंद पडली आणि दोष छपराच्या वयावर गेला. आजही जाणता कारागीर एका वेळी एकच पाखं उघडतो. कौलं उतरवतो, शेवाळ घासतो आणि प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून बघतो: खणखणीत वाजलं तर परत चढणार, बद्द वाजलं तर आत बारीक तडा आहे, ते बाजूला. मग वाशात पेचकस खुपसून बघायचा. टोक सहज आत गेलं तर तेवढाच तुकडा कापून नवं लाकूड सांधायचं. अख्खा वासा फेकायचं कारण नाही, जुना सागवानी असेल तर मुळीच नाही. तसलं लाकूड आज वखारीत सहज मिळत नाही. कमी पडलेली कौलं पाडकामातून निघालेल्या मालातून घेता येतात, पण वेगवेगळ्या कारखान्यांच्या खाचा नीट जुळत नाहीत. कौल उलटं करायचं, पोटावर ठसलेलं कारखान्याचं नाव वाचायचं आणि मगच घासाघीस.

पत्रा स्वस्त आणि झटपट, हे मान्यच केलं पाहिजे. पण तो एप्रिल-मेत तापतो, पावसात खालचं बोलणं ऐकू देत नाही, आणि समुद्र हाकेवर असल्याने खाऱ्या हवेत प्रत्येक खिळ्याच्या भोकापाशी गंज धरतो. त्याहून वाईट म्हणजे कौलांच्या फटींतून गरम, दमट हवा वर निसटते आणि भिजलेलं लाकूड सुकतं. पत्र्याखाली तोच दमटपणा कोंडतो आणि जे वासे वाचवायचे तेच कुजू लागतात. (सिमेंटचे जुने पत्रे म्हणजे ॲस्बेस्टॉस, त्याला भोकं पाडून उडणारी धूळ फुप्फुसात जाते, तेव्हा तो विचारही नको.) स्लॅबचं गणित आणखी सोपं आहे. चार इंची स्लॅब चौरस मीटरला अडीचशे किलोच्या घरात जातो. कौलं चौरस मीटरला पंधराएक लागतात. नगाला अडीच-तीन किलो धरले तरी वजन पन्नाशीच्या आत राहतं. लाकडी खांब-तुळयांचं घर हा पाचपट भार पेलणार नाही, म्हणजे आधी घरच बदलावं लागेल. शिवाय वाडीच्या गल्ल्यांत ट्रक शिरत नाही. कौल डोक्यावरच्या पाटीतून आत जातं.

सगळ्यात खरा आक्षेप पैशाचा. घरात भाडेकरू असतील तर १९४७ च्या भाडेकायद्याने गोठवलेल्या भाड्यातून मालकाला रिपासुद्धा परवडत नाहीत, आणि १९९९ च्या कायद्यानेही हा तिढा फारसा सुटला नाही. मुंबईत वारसा नियमावली १९९५ मध्ये आली. घर जपायचं बंधन मालकावर पडलं, खर्चातला वाटा मात्र शहराने फारसा उचलला नाही. अशा मालकाला टॉवरची ऑफर मोहात पाडते, यात नवल नाही. त्याला दोष देणाऱ्यांनी आधी पाडकामातल्या कौलांचा भाव विचारून यावा. पण एवढ्यावरून छप्पर वाचवू नये असं ठरत नाही; ठरतं ते इतकंच की दुरुस्तीचा पैसा सार्वजनिक तिजोरीतूनही आला पाहिजे. कायद्याचा कल तरी याच दिशेने आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३४२ मध्ये किरकोळ दुरुस्तीच्या यादीत त्याच साहित्याने छप्पर बदलणं येतं. कौल जाऊन स्लॅब आला की ते किरकोळ राहत नाही. वारसा परिसरात लाकडाला हात लावण्याआधी तरीही विचारून घेतलेलं बरं.

आणि सगळं एकदम करायची गरजही नाही. चौपाखी घराला चार वर्षं घेता येतात, दरवर्षी एक पाखं, दिवाळीनंतर सुरू करून मे संपायच्या आत. मुंबईत मान्सून साधारण ११ जूनला पोचतो आणि वारा नैर्ऋत्येकडून येतो. तेव्हा पैसे एकाच पाख्यापुरते असतील, तर आधी नैर्ऋत्येचं उघडावं.