अल्झायमर : शाप नव्हे, कारणे शोधा

कोलंबियातील आंतिओकिया भागात काही कुटुंबांतील माणसे चाळिशीतच विसरू लागत. लोक म्हणत, घराण्याला शाप आहे. डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा यांनी १९८० च्या दशकापासून या कुटुंबांच्या वंशावळी जुळवल्या. पुढे कारण सापडले : प्रेसेनिलिन-१ या जनुकातील एक दुर्मीळ बदल. आई किंवा वडिलांत तो असेल, तर प्रत्येक अपत्याला मिळण्याची शक्यता ५० टक्के असते.

२०१९ मध्ये याच घराण्यातील एका महिलेची माहिती प्रसिद्ध झाली. घातक बदल असूनही तिची स्मृती सत्तरीपर्यंत शाबूत होती. तिच्या एपीओई जनुकाच्या दोन्ही प्रतींत ‘क्राइस्टचर्च’ हा दुसरा दुर्मीळ बदल होता. त्यानेच तिला वाचवले असावे, असे संशोधकांना वाटते.

मात्र थेट आजार आणणारे असे बदल एक टक्क्याहूनही कमी रुग्णांत असतात. बाकीच्यांत वय, अनेक जनुके, उच्च रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणा, शिक्षणाचा अभाव अशी कारणे एकत्र येतात. त्यांतली काही आपण बदलू शकतो.

बुद्धांनी कार्यकारणभाव शिकवला. पूर्वजन्मीच्या कर्माने आजचे दुःख ठरते, ही कल्पना बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नाकारली. म्हणून विसरणाऱ्या आजीला ‘मागच्या जन्मीचे भोग’ म्हणू नका. तिला डॉक्टरांकडे न्या, रक्तदाब तपासा, आणि विहारात या आजाराबद्दल मोकळेपणाने बोला.