तुंबलेली मोरी, भरलेली टाकी : काय करावे, काय टाळावे



शेतातला चर तुंबला तर आपण त्याच दिवशी फावडं घेऊन जातो. पाणी साचलं की पिकाची मुळं कुजतात, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. पण घरामागची मोरी तुंबली तर "बघू उद्या" म्हणतो. तो उद्या काही उजाडत नाही, आणि परसात डबकं तयार होतं. घाण पाण्याच्या अशा डबक्यात हत्तीपाय रोग पसरवणारा डास वाढतो. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला उन्हाळ्या-पावसाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात.

पूर्वी विहिरीवरून कळशीनं पाणी आणावं लागे, त्यामुळे सांडपाणीही बेताचंच असे. आता घरात नळ आला, बोअर आली, मोटार आली. पाणी वाढलं, पण ते वाहून नेणारी वाट बहुतेक घरांत जुनीच राहिली. तुंबण्याचं मूळ पुष्कळदा इथंच असतं.

मोरी कशानं तुंबते?

पहिलं कारण तेलकटपणा. कढईतलं तेल, खरकटं, सायीची भांडी धुतलेलं पाणी नळीत गेलं की गार होऊन आतल्या अंगाला थर धरतं. त्या थराला चहाचा चोथा, भाताची शितं, राख आणि केस चिकटतात. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा फेस होत नाही, पांढरा चिकट साका होतो. तोही नळीतच बसतो.

दुसरं कारण उतार. चार इंची नळीला दर दहा फुटांमागे तीन इंच उतार द्यावा. उतार कमी पडला की पाणी रेंगाळतं आणि गाळ मागे राहतो. नळी वळवताना काटकोनी सांधा टाकला तर कचरा नेमका तिथंच अडकतो. दोन तिरपे सांधे वापरून वळण सावकाश द्यावं आणि वळणाशी झाकणाचं चेंबर ठेवावं. गवंड्याला हे काम सुरू होण्याआधीच सांगा. फरशी बसल्यावर सांगून उपयोग नाही.

तिसरं कारण मुळं. वड, पिंपळ, उंबर यांची मुळं ओलाव्याच्या मागावर असतात. नळीच्या सांध्यातून ती आत शिरतात आणि आत झुपका करून बसतात.

तुंबल्यावर आधी काय करावं?

अडलं कुठं ते शोधा. पाइपलाइन अडली तर आपण एकेक व्हॉल्व्ह उघडून बघतो ना, तसंच. एकटी मोरीच तुंबली असेल आणि नहाणीचं पाणी जात असेल, तर अडथळा मोरीच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये आहे. दोन्ही तुंबल्या असतील तर चेंबर उघडा. चेंबर कोरडं असेल तर अडथळा घर आणि चेंबर यांच्यामध्ये आहे. चेंबर भरलेलं असेल तर अडथळा पुढे आहे, किंवा शोषखड्डा पाणी घेत नाही.

ट्रॅप हातमोजे घालून साफ करा. नळीवर रबरी टोपीचा पंप दाबून दहा-पंधरा वेळा वर-खाली करा. तेलकट थर असेल तर बादलीभर गरम पाण्यात दोन मुठी धुण्याचा सोडा विरघळवून सावकाश ओता. प्लॅस्टिकच्या नळीत उकळतं पाणी ओतू नका, नळी वाकते आणि सांधे सुटतात. तेवढ्यानंही भागलं नाही तर बांबूची लांब लवचिक कामटी चेंबरकडून घराच्या दिशेनं सरकवा.

ॲसिडची बाटली मात्र आणू नका. ॲसिड अंगावर उडालं तर कातडी आणि डोळे जातात. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. बंद नहाणीत तो जिवावर बेततो. शिवाय मैल्याच्या टाकीत ॲसिड गेलं तर मैला कुजवणारे जिवाणूच मरतात आणि टाकी लवकर भरते.

शोषखड्डा पाणी घेत नसेल तर

पाच-सहा माणसांच्या घराला साधारण चार फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट खोल खड्डा पुरतो. तळाला मोठे दगड, वर लहान दगड किंवा विटांचे तुकडे घालावेत. तोंडाशी भोकं पाडलेलं मडकं ठेवून त्यात नारळाचा काथ्या भरावा, म्हणजे गाळ वरच अडतो. काथ्या दर पंधरवड्याला बदला. नांदेड जिल्ह्यात गावोगाव असे शोषखड्डे घेऊन उघडी गटारं बंद करण्याचं काम झालं, आणि डासमुक्त गावाची कल्पना तिथून राज्यभर पोचली.

काही वर्षांनी दगडांवर चिकट थर चढतो आणि खड्डा पाणी घेईनासा होतो. मग दगड काढून धुवावेत, उन्हात वाळवावेत आणि खड्डाही वाळू देऊन परत भरावा. जागा असेल तर दोन खड्डे करून ते आलटून पालटून वापरा. खोल काळ्या जमिनीत पाणी मुरायला वेळ लागतो. तिथं गाळ अडवून सांडपाणी केळी, अळू, कर्दळ यांच्या आळ्यात फिरवावं. कच्ची खायची भाजी मात्र या पाण्यावर घेऊ नये.

दोन खड्ड्यांचा संडास

कोकणात कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन यांनी मैल्याचं खत करणारा संडास लोकांपुढं ठेवला. देहूला डॉ. मापुसकर यांनी आयुष्यभर हेच काम केलं. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. दोघांचंही सांगणं असं, की मैला माणसानं हातानं उचलायची वेळच येऊ नये.

दोन खड्ड्यांच्या संडासात एका वेळी एकच खड्डा चालू ठेवायचा असतो. पुष्कळ ठिकाणी दोन्ही एकदम जोडतात, मग दोन्ही एकदमच भरतात. पहिला भरला की मधल्या चेंबरमधून त्याची वाट बंद करा आणि दुसरा सुरू करा. बंद खड्डा दीड ते दोन वर्षं तसाच राहू द्या. आतला माल कुजून काळ्या मातीसारखा होतो, वास राहत नाही आणि शेताला उत्तम खत मिळतं. खड्ड्याच्या तळाला सिमेंट करू नका, आणि नहाणीचं पाणी त्यात सोडू नका. पिण्याच्या विहिरीपासून खड्डा निदान दहा मीटर दूर हवा.

टाकी उपसताना जीव सांभाळा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ज्यांच्याकडे बंद टाकीचा, म्हणजे सेप्टिक टँकचा संडास आहे, त्यांनी दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसून घ्यावी. पण त्यासाठी माणूस आत उतरवू नका, आणि स्वतः तर मुळीच उतरू नका.

टाकीत हायड्रोजन सल्फाइड, मिथेन आणि कार्बन डायॉक्साइड हे वायू साठतात. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. पण त्याचं प्रमाण वाढलं की नाकाला वास कळेनासाच होतो. "आता वास गेला" म्हणून माणूस उतरतो आणि दोन-चार श्वासांत कोसळतो. झाकण उघडून काही तास ठेवलं म्हणजे वायू गेला असंही नाही. गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम सुटतो.

सांगलीकडच्या हळदीच्या पेवांत उतरण्याआधी जुनी माणसं कंदील सोडून बघत. ती युक्ती इथं करू नका. मिथेन पेट घेतो आणि स्फोट होतो. टाकीजवळ बिडी-काडीही नको.

एक जण कोसळला की दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. एकाच घरातले दोन-तीन जण जातात ते असे. कुणी आत पडला तर उतरू नका. आरडाओरडा करून माणसं जमवा, १०८ ला आणि अग्निशमन दलाला फोन करा, आणि वरूनच दोर सोडा. गोबरगॅसच्या खड्ड्यालाही हाच नियम लागू आहे.

टाकी उपसायची ती सक्शन गाडीनंच. जवळच्या नगरपालिकेत किंवा पंचायत समितीत चौकशी करा. चार घरांनी मिळून गाडी बोलावली तर खर्च वाटला जातो. ठरवताना तीन गोष्टी विचारा : एकूण पैसे किती, माणूस आत न उतरता काम होईल ना, आणि मैला कुठं टाकणार. ओढ्यात किंवा विहिरीजवळ टाकणाऱ्याला काम देऊ नका. ताजा मैला भाजीच्या रानातही घेऊ नका, जंतांची अंडी मातीत कित्येक महिने जिवंत राहतात.

कायदाही माहीत असू द्या. २०१३ च्या कायद्यानुसार सुरक्षेची साधनं न देता माणसाला मैल्याच्या टाकीत उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हा नियम घरमालकालाही लागू आहे.

ध्यानात ठेवा

रोज : खरकटं नळीत न सोडता उकिरड्यावर टाका, तेलकट भांडी आधी राखेनं किंवा कागदानं पुसा.
आठवड्याला : ट्रॅप आणि चेंबर उघडून बघा.
पावसाळ्याआधी : शोषखड्डा, नळीचे सांधे आणि टाकीच्या वायुनळीची जाळी तपासा. जाळी फाटली तर डास टाकीतून थेट घरात येतात.

ट्रॅप आणि चेंबर घरच्या माणसानं साफ करावं. नळी फोडायची झाली तर जाणता नळकारागीर बोलवावा. टाकीचं काम मात्र गाडीनंच करावं. हे पत्रक घरात सगळ्यांना वाचून दाखवा आणि मोरीजवळच्या भिंतीवर लावून ठेवा.